अराजक कोणाचें ?

मजुरांनीं काम थांबविलें अगर शेतकऱ्यांनीं रस्ता अडविला, कीं 'अराजक माजलें' अशी ओरड शिष्ट मंडळी सुरू करितात. या शब्दाचा अर्थ काय, हें आमच्या बहुजनसमाजानें एकदां नीट समजून घ्यावें.

अराजकवाद म्हणजे दंगाधोपा नव्हे. ज्या सत्तेस आपलें समर्थन करतां येत नाहीं ती मानावयाची नाहीं, हा त्या मताचा गाभा. १८४० सालीं फ्रान्सांतील प्रूधों यानें अराजकवादी हें नांव आपण होऊन घेतलें. रशियाच्या क्रोपॉटकिननें १९०२ सालच्या ग्रंथांत परस्पर साहाय्य हा समाजाचा मोठा आधार म्हणून दाखविला.

औसेकरांस याचा पडताळा दूर शोधावयास नको. सप्टेंबर १९४८ पर्यंत येथें निजामाचें राज्य होतें. फौज, पोलीस, कचेऱ्या सर्व कांहीं होतें. तरी रझाकारांनीं रयतेस लुटलें. तो गोंधळ राज्य नसल्यामुळें नव्हे, तर राज्यास जाब विचारण्याची सोय नसल्यामुळें माजला. उलट ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे याच तालुक्यांतील किल्लारी भूकंपानें जमीनदोस्त झालें, तेव्हां जे वांचले त्यांनींच प्रथम शेजाऱ्यांस ढिगाऱ्यांतून ओढून काढलें. त्यांस हुकूम कोणीं दिला होता ? मागाहून सरकार आलें. जीं गांवें उठवून नवीं वसविलीं, तेथें त्यानें घरें दिलीं. पण तीं जमिनीच्या मापानें! भूमिहीनास २५० चौरस फूट, सात हेक्टरांवरच्या धन्यास ७५०. भूकंपानें सारखें केलेलें कागदानें पुन्हां वरखालीं केलें.

मग सरकारच नको काय ? असें आम्ही म्हणणार नाहीं. सरकार उठलें म्हणून जात उठत नाहीं. पाटलाचा वाडा व भटजीचें पंचांग जागच्या जागीं राहतें. दुबळ्याच्या हातीं कायदा हीच काठी. म्हणूनच २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींत डॉ. आंबेडकरांनीं, सनदशीर मार्ग खुले असतां दुसरे मार्ग धरणें हें अराजकाचें व्याकरण होय, असा इशारा दिला.

परंतु सत्तेस जाब विचारणें हें अराजक नव्हे. जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला. भटावांचून लग्नें लागूं लागलीं, आणि धर्म बुडाल्याची ओरड झाली. बुडाली ती फक्त दक्षिणा ! तेव्हां यापुढें कोणी 'अराजक, अराजक' म्हणून ओरडला, तर त्यास एवढेंच विचारा : बाबा रे, यांत तुझें काय बुडालें ?