मौनाची मंजुरी

सरकारी दफ्तरात पडलेल्या अर्जाला ठरीव मुदतीत होकारही मिळाला नाही आणि नकारही मिळाला नाही, तर तो मंजूर झाला असे समजावे, हे तत्त्व आपल्या देशाच्या दूरसंचारविषयक कायद्यात आता चांगलेच रुजले आहे. तारा व मनोरे दुसऱ्याच्या जागेतून नेण्याच्या किंवा तेथे उभारण्याच्या हक्काविषयीच्या, म्हणजे २०१६च्या मार्गाधिकार (राइट ऑफ वे) नियमांनी ही मुदत साठ दिवसांची ठरविली होती. २०२३च्या दूरसंचार अधिनियमाखाली तयार झालेल्या आणि १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या नियमांनी ती सदुसष्ट दिवसांची केली आहे. ज्यांचे अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत महिनोन्महिने धूळ खात पडत, त्यांच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे, आणि ती मुळातच चुकीची आहे असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जी संस्था लोकांच्या मतांवर उभी आहे, जिच्या हद्दीतले रस्ते, दिवाबत्ती आणि चौक यांची काळजी वाहण्याचे काम कायद्याने तिच्यावर सोपविले आहे, तिने आपल्या खांबांवर काय चढते आणि काय उतरते याविषयी मौन धरून मुदत जाऊ द्यावी आणि मग नियमावर बोट ठेवावे, याला कारभार म्हणता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील नगरपरिषदांनी, नगरपंचायतींनी आणि ग्रामपंचायतींनी या बाबतीत आपले म्हणणे लेखी ठरवून ठेवण्याची वेळ आली आहे.

मोबाइलचा टॉवर म्हटला म्हणजे गच्चीवर किंवा माळावर उभा असलेला उंच लोखंडी सांगाडा डोळ्यांपुढे येतो. परंतु १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ज्या पाचव्या पिढीच्या सेवेचा आरंभ झाला, तिच्या अधिक वारंवारतेच्या लहरींचा पल्ला कमी असतो आणि त्या भिंतींनी, झाडांनी लवकर अडतात; म्हणून दाट वस्तीत एका उंच मनोऱ्याऐवजी जागोजागी लहान लहान पेट्या बसवाव्या लागतात. त्यांना ‘स्मॉल सेल’ असे नाव आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मार्गाधिकार नियमांत जी दुरुस्ती झाली, तिने दहा मीटरपासून दोन किलोमीटरपर्यंत पल्ला असलेले कमी शक्तीचे केंद्र अशी त्यांची व्याख्या केली, विजेचे व दिव्यांचे खांब, सिग्नल, बसथांबे अशा रस्त्यावरील साधनांवर त्या बसविण्याची वाट मोकळी केली आणि त्यापोटी द्यावयाची भरपाई शहरी भागात प्रत्येक खांबामागे वर्षाला ३०० रुपये व ग्रामीण भागात १५० रुपये अशी ठरवून दिली. खाजगी इमारतीवर असे साधन उभारावयाचे असेल, तर मालकाशी करार पुरेसा आहे. स्थानिक संस्थेची परवानगी लागत नाही, तिला आधी लेखी सूचना द्यावी आणि इमारतीच्या मजबुतीचा अभियंत्याचा दाखला जोडावा, एवढेच कंपनीवर बंधन आहे.

हे नियम होण्यापूर्वी व होत असताना दूरसंचार नियामक प्राधिकरणाने या पेट्यांचे प्रयोग चार ठिकाणी करून पाहिले: भोपाळची स्मार्ट सिटी, दिल्लीचा विमानतळ, कांडल्याचे दीनदयाळ बंदर आणि बंगळुरूची मेट्रो. या चारही ठिकाणांचे एक साम्य विसरता येत नाही. तेथे खांबांचा कारभार एका समर्थ व्यवस्थापनाच्या हाती होता. यवतमाळात तसे नाही. दत्त चौकातून आर्णी मार्गाने निघालेल्या मनुष्याने एकवार मान वर करून पाहावे: खांब महावितरणचा, त्यावरचा दिवा नगरपरिषदेचा, खांब ज्या रस्त्याच्या कडेला पुरला आहे तो रस्ता कोठे नगरपरिषदेचा तर कोठे सार्वजनिक बांधकाम खात्याचा, तारांच्या खाली केबलवाल्यांची काळी वेटोळी अडकविलेली, त्यांच्याखाली इंटरनेटवाल्याची पेटी, आणि त्या पेटीवर ती कोणाची, ती केव्हा बसविली, ती सैल होऊन लोंबू लागली तर कोणास कळवावे, याचा मागमूस नाही. अशा खांबावर आणखी एक, वीज खाणारे आणि वजनदार यंत्र चढणार असेल, तर अर्ज कोणाकडे यावा, मंजुरी कोणी द्यावी आणि पावसाळी वादळात ते खाली आले तर जाब कोणास विचारावा, हे प्रश्न आजच सोडवून ठेवले पाहिजेत. दुर्दैवाची गोष्ट अशी की, ज्या काळात केंद्राचे हे नियम एकामागून एक बदलले, त्याच काळात, म्हणजे २०२२ पासून पुढे दीर्घकाळ, राज्यातील बहुतेक नगरपरिषदांत निवडून आलेले सभागृहच नव्हते आणि सारा कारभार प्रशासकांच्या सहीने चालला होता. या नियमांवर ज्या सभागृहात चर्चा व्हावयाची, त्याचेच दार बंद होते.

परवानग्यांचे ओझे वाढवावे अशी आमची मागणी आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. बिनतारी यंत्रांच्या बाबतीत या देशाने परवान्यांचा जाच पुष्कळ सोसला आहे. १९३३च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमान्वये साधा रेडिओ घरात ठेवावयाचा तरी परवाना लागे. टपाल कचेरीत जाऊन पैसे भरावे, पुस्तिकेवर तिकिटे लावून घ्यावीत आणि दरसाल त्याचे नूतनीकरण करावे, हा क्रम आज साठी ओलांडलेल्या वाचकांच्या चांगला स्मरणात असेल. १९८०च्या दशकात ते जोखड गेले. २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवान्यावाचून खुला झाला, आणि डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेने तर चहाच्या टपरीवाल्यासही परवाना किंवा नोंदणी न करता आपल्या गिऱ्हाइकांना वाय-फाय पुरविण्याची मुभा दिली. हे सर्व योग्यच झाले. परंतु घरातला रेडिओ घरात होता आणि टपरीवरचे यंत्र टपरीवर असते. खांब मात्र सर्वांचा आहे, त्याच्याखालून शाळेची मुले जातात, त्याच्या बुंध्याशी भाजीवाली बसते. खाजगी वापरावरील बंधन उठविणे आणि सार्वजनिक जागेवरील देखरेख सोडून देणे या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि पहिलीच्या नावाखाली दुसरी घडत असेल तर तिला हरकत घेणे हे नागरिकांचे व नगरसेवकांचे कर्तव्य आहे.

स्थानिक संस्थेच्या हाती आता काही उरलेच नाही, ही तक्रार आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. ती अर्धीच खरी आहे. १६ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल मनोऱ्यांवर मालमत्ता कर बसविण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला होता. पुढे २०२३च्या अधिनियमाच्या कलम १४ ने दूरसंचाराचे जाळे हे ज्या मालमत्तेवर उभे आहे तिचा भाग समजू नये, करासाठीसुद्धा समजू नये, असे सांगून त्या अधिकाराचा पाया पुष्कळसा ढिला केला. उत्पन्नाची ही वाट अरुंद झाली आहे खरी. हजार खांब दिले तरी ३०० रुपयांच्या दराने वर्षाला ३ लाख रुपये हाती येतील, आणि तेवढ्याने कोणत्याही नगरपरिषदेची तिजोरी भरावयाची नाही. परंतु अर्ज नाकारावयाचा तर कारणे लेखी द्यावीत आणि अर्जदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे, हे नियमांचे तत्त्व आहे. ज्याला सकारण नकार देण्याचा अधिकार आहे, त्याला सकारण अटी सुचविण्याचाही आहे. पेटी केवढी असावी, जमिनीपासून किती उंचीवर बसावी, तिच्या तारा लोंबत्या न ठेवता नळीतून न्याव्यात, मालकाचे नाव व दूरध्वनी क्रमांक तिच्यावर मराठीत लिहावा, निकामी झालेली पेटी कंपनीने स्वखर्चाने उतरवावी, या गोष्टी कोणत्याही केंद्रीय कायद्याच्या आड येत नाहीत. अमेरिकेत असाच वाद झाला. तेथील संघीय दळणवळण आयोगाने सप्टेंबर २०१८ मध्ये आधीपासून उभ्या असलेल्या खांबासाठी साठ दिवस व नव्या खांबासाठी नव्वद दिवस अशी मुदत घातली आणि वर्षाला २७० डॉलरपर्यंतचे शुल्क वाजवी समजले जाईल असे जाहीर केले. शहरे न्यायालयात गेली. २०२० मध्ये अपील न्यायालयाने आयोगाची मुदत व शुल्क कायम ठेवले, परंतु पेट्यांच्या रूपाविषयी शहरांनी घालावयाच्या अटींवर आयोगाने जी बंधने लादली होती, त्यांतील प्रमुख बंधने रद्द केली. मुदतीच्या प्रश्नावर हरलेल्या शहरांना आपल्या रस्त्याचे रूप ठरविण्याचा अधिकार असा परत मिळाला. आपल्या नगरपरिषदांनी लक्षात घ्यावे असे त्या निकालात हेच आहे.

प्रारणांच्या भीतीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात घातले, त्यापलीकडे अपाय सिद्ध झालेला नाही. आणि भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा स्वीकारली आहे. सांगली जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीने आरोग्याचे कारण पुढे करून मनोऱ्याचे काम थांबविण्याचा ठराव केला, तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये टिकू दिला नाही, कारण त्यामागे शास्त्रीय आधार नव्हता. असे ठराव करण्यात गावाचा वेळ जातो आणि वकिलाचा खर्च वाढतो. त्याऐवजी ‘तरंग संचार’ या सरकारी व्यवस्थेत ४,००० रुपये भरून कोणाही नागरिकास आपल्या घराजवळील प्रारणांचे मोजमाप करून घेता येते. हे पैसे ग्रामपंचायतीने स्वतः भरावेत आणि आलेला आकडा चावडीवर लावावा. भीती खरी असो वा खोटी, तिचा निवाडा त्या आकड्याने होईल.

येथपर्यंत आम्ही शहराविषयी बोललो. परंतु जिल्ह्याची खरी व्यथा याच्या नेमकी उलट आहे. मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी आणि झरी जामणी या पट्ट्यातील कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, खांबांची दाटी होण्याचा प्रश्नच नाही. तेथे रेंजच नसते. शेतकऱ्याने आपल्या कपाशीची नोंद स्वतः मोबाइलवरून करावी, असा ई-पीक पाहणीचा दंडक १५ ऑगस्ट २०२१ पासून आला. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी मोबाइलवरूनच घेण्याचे बंधन १ जानेवारी २०२३ पासून आले. रेशनच्या दुकानातही अंगठा यंत्रावर उमटल्यावाचून धान्य मिळत नाही. ज्या पोडावर यंत्राला रेंज सापडावी म्हणून टेकडीच्या माथ्यापर्यंत जावे लागते, तेथील म्हाताऱ्या बाईला हे सारे दंडक म्हणजे हक्काच्या वाटेवर उभारलेला एक नवा जकातनाकाच होय. सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’ अभियानात, ज्यात कोलाम जमातीचा समावेश आहे, मोबाइलचे मनोरे हे एक ठरलेले काम आहे. जुलै २०२२ मध्ये तर देशातील २४,६८० वंचित गावांपर्यंत ४-जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली.

मग अडते कोठे? पुष्कळदा जंगलाच्या दाखल्यापाशी. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) ने शाळा, दवाखाना, अंगणवाडी यांच्याबरोबरच विजेच्या व दूरसंचाराच्या तारांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देण्याची सोपी वाट करून ठेवली आहे, मात्र हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तुटता कामा नयेत. ही वाट तारांसाठी आहे, मनोऱ्यासाठी नाही. आणि येथेच लहान पेट्यांचे महत्त्व आहे. तार या कलमाखाली पोडापर्यंत आली, तर शाळेच्या भिंतीवर किंवा समाजमंदिराच्या गच्चीवर बसविलेली एक लहान पेटी पोडाला पुरेल, आणि वनजमिनीवर लोखंडाचा सांगाडा उभारण्याची गरज पुष्कळ ठिकाणी उरणार नाही. ज्या गावांना अनुसूचित क्षेत्राचा दर्जा आहे, तेथे पेसा कायद्याने ग्रामसभेचा शब्द वजनदार आहे. तिने तो वापरावा.

जाता जाता एका फसवणुकीचा उल्लेख करणे भाग आहे. ‘तुमच्या शेतात टॉवर बसवितो, भाडे देतो, आधी दाखल्याचे पैसे भरा’ अशी बनावट शिक्क्यांची पत्रे दाखवून शेतकऱ्यांना लुबाडणाऱ्या टोळ्या राज्यात सर्वत्र आहेत. टॉवरसाठी कोणाही इसमाला ना-हरकत दाखला आपण देत नाही, असे दूरसंचार विभाग व नियामक प्राधिकरण यांनी वारंवार जाहीर केले आहे. परंतु ते जाहीरपत्र आर्णीच्या कास्तकारापर्यंत पोहोचत नाही आणि बनावट पत्र मात्र पोहोचते. प्रत्येक ग्रामपंचायतीने खरे नियम सुबोध मराठीत आपल्या फलकावर लावले, तर या टोळ्यांचा धंदा निम्मा तरी बसेल.

२०२३च्या अधिनियमाच्या कलम १५ ने मार्गाधिकाराच्या तंट्यांचा निवाडा जिल्हादंडाधिकाऱ्याकडे सोपविला आहे. तेव्हा तंटा उभा राहण्याची वाट न पाहता यवतमाळच्या जिल्हाधिकाऱ्यांनी महावितरण, सार्वजनिक बांधकाम खाते, वनविभाग आणि नगरपरिषदांचे मुख्याधिकारी यांना एकत्र बसवून खांबांची एकच नोंदवही करावी, अर्ज स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव प्रत्येक कचेरीच्या दारावर लावावे, आणि प्रत्येक अर्जाचा निकाल, मग तो होकार असो वा सकारण नकार, सभागृहापुढे ठेवण्याचा दंडक घालावा. झरी जामणी व मारेगावच्या पंचायत समित्यांनी ज्या पोडांवर रेंज नाही त्यांची यादी ग्रामसभांच्या ठरावांसह जिल्हाधिकारी कचेरीकडे पाठवावी. आणि कंपनीच्या अर्जासाठी कायद्याने जी सदुसष्ट दिवसांची मुदत घातली आहे, तीच पोडाच्या अर्जासाठीही पाळली जाईल असे जिल्हाधिकाऱ्यांनी लेखी जाहीर करावे.