चंदनचोराचे गिऱ्हाईक मोकळेच

चंदनाचे झाड चोरीला गेले की एकच मागणी होते: शिक्षा वाढवा. तिच्यामागचा संताप खरा आहे. १९२७च्या भारतीय वन अधिनियमात मूळ दंड पाचशे रुपयांचा होता. चंदनाच्या एका ओंडक्यापुढे तो काहीच नाही, हेही मान्य. पण शिक्षा वाढवली की चोरी थांबते, हे म्हैसूर भागाचा अनुभव पाहणाऱ्याला पटणार नाही.

कर्नाटकाच्या १९६३च्या वन कायद्यात चंदनासाठी इतर लाकडांपेक्षा कडक कलमे आहेत. तरीही चोरी होतेच. चंदनतस्कर वीरप्पनच्या काळात तर टाडा हा दहशतवादविरोधी कायदा लावला गेला. त्याहून कडक कायदा कुठला आणायचा? संशयावरून धरलेले शंभरावर लोक वर्षानुवर्षे तुरुंगात राहिले आणि २००१ साली म्हैसूरच्याच टाडा न्यायालयाने त्यांतल्या बहुतेकांना निर्दोष सोडले. वीरप्पनच्या मागावरच्या विशेष पथकाने गावकऱ्यांचा छळ केल्याच्या तक्रारींची चौकशी न्यायमूर्ती सदाशिव यांच्या समितीने केली. पुढे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने ८९ जणांना भरपाई द्यायला लावली. १८ ऑक्टोबर २००४ रोजी वीरप्पन मारला गेला. त्याचे चंदन विकत घेणाऱ्यांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येईल का?

दुसरा दावा असा की चंदन सरकारच्या ताब्यात होते म्हणून टिकले. मला तो उलटा वाटतो. टिपू सुलतानाने १७९२च्या सुमारास चंदनाला राजवृक्ष ठरवले आणि पुढच्या राजवटींनी ती मक्तेदारी चालू ठेवली. आपल्या बांधावरचे झाड आपले नाही, चोरीला गेले तर जाब मात्र आपल्यालाच! अशा झाडाचे रोप शेतकरी वाढवील कशाला? ते दिसताच उपटून टाकण्यातच त्याला शहाणपण वाटे. २००१च्या दुरुस्तीने कर्नाटकात जमीनमालकाला झाडाची मालकी मिळाली. ही एक दुरुस्ती मला कित्येक दंडकलमांपेक्षा मोलाची वाटते, कारण तिने झाडाला घरचा राखणदार दिला.

म्हणून सगळा व्यापार मोकळा सोडा, असे मात्र मी म्हणत नाही. मालकी शेतकऱ्याची असावी आणि वाहतूक परवान्यावरच व्हावी. शिक्षा हवीच, पण ती आज चुकीच्या माणसापाशी थांबते. चंदनाची किंमत गाभ्यातल्या तेलात असते, मुळांतही तेल भरपूर, म्हणून चोर झाड मुळासकट काढतो. पण ते तेल त्याला घरी काढता येत नाही. त्यासाठी ऊर्ध्वपातनाची भट्टी लागते, नाहीतर कोरीवकाम करणारा कारखाना. म्हैसूर संस्थानाने १९१६ साली तेलाचा कारखाना काढला, तो पहिल्या महायुद्धाने युरोपची बाजारपेठ बंद पडल्यावर. गिऱ्हाईक गेले की लाकूड पडून राहते, हे संस्थानाला तेव्हाच कळले होते. चोरालाही तोच नियम लागू पडतो.

तेव्हा तपास कुऱ्हाडीपासून नव्हे, भट्टीपासून सुरू व्हावा. किती लाकूड आत आले, कोणत्या परवान्यावर आले आणि किती तेल निघाले, याचा हिशेब प्रत्येक कारखान्याकडून घेऊन वन खात्याने दर तिमाहीला तपासावा, म्हैसूरमध्ये आणि महाराष्ट्रातही. हिशेब जुळला नाही तर परवाना रद्द व्हावा. आणि माल चोरीचा निघाला तर मालकालाही तीच शिक्षा व्हावी, जी आज रानात पकडलेल्या मजुराला होते.