क्लॅरोनेटची साफसफाई

मैत्रिणींनो, चातुर्मासात वराती थांबल्या की बँडवाल्याच्या घरी क्लॅरोनेट पेटीत जाते. आमच्या लोहगडवाडीच्या पावसात पापडालासुद्धा बुरशी धरते, मग लाकडी वाद्याची काय कथा! गणपतीची सुपारी यायची आणि नेमके सांधे फुगून अडकलेले. बुडाली ना मिळकत?

म्हणून पावसाळाभर पंधरवड्याला एकदा वाद्य उघडा. आधी रीड काढा, पुसून सपाट ठेवा. मग तोंडाचा भाग, लहान नळी, वरचा व खालचा भाग आणि कर्णा असे पाच तुकडे हलके पिळत सुटे करा. चाव्यांवर जोर नको. जुन्या सुती पातळाची पट्टी दोरीला बांधून आतून ओढा. कोमट पाण्याने धुवायचा तो फक्त तोंडाचा भाग. कढत पाणी नको हं, एबोनाइट हिरवट पडून वाकते. लाकडाला पाणी लावू नका, आणि ओल जावी म्हणून चुलीशी किंवा उन्हात तर मुळीच ठेवू नका, तडा जातो. पॅड चिकटत असेल तर खाली पातळ कागद धरून चावी दाबा, ओल टिपली जाते. चाव्यांचे स्क्रू मात्र कारागिरानेच खोलावेत. (बारीक स्प्रिंग उडाली की केरातच शोधायची!)

जोडताना बुचाला नखभर कॉर्क-ग्रीस पुरे. दोन भागांमधली जोडचावी असेल, तर वरच्या भागाच्या कड्या दाबून धरा. ती उचलली जाते, घासत नाही. वाकली तर पॅड नीट मिटत नाहीत. रीड सगळ्यात शेवटी.