हौसेला मोल नसतं, म्हणजे फुकट नसतं!

"हौसेला मोल नसतं" असं आपण उठता-बसता म्हणतो. अर्थ सरळ आहे: हौसेने केलेल्या कामाची किंमत पैशात होत नाही. पण मी गेली कित्येक वर्षं हौसेने लोकांसाठी कपडे शिवतेय आणि माझा अनुभव असा, की लोकांनी या वाक्याचा अर्थ आपल्या सोयीने बदलून घेतलाय. मोल नाही, म्हणजे शून्य रुपये!

बाळंतविडा हा माझा आवडता प्रांत. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट आणि गुळेदगुडच्या खणाची कुंची. दिसायला हे कपडे वीतभर, पण काम मोठ्या कपड्यापेक्षा किचकट. तान्ह्या बाळाच्या झबल्याला बटण चालत नाही, बंद लावावे लागतात. आतल्या कडा उघड्या ठेवून चालत नाही, त्या दुमडून पुन्हा शिवाव्या लागतात, नाहीतर बाळाच्या अंगाला टोचतात. मुंढा घट्ट झाला तर हात घालताना बाळ रडून घर डोक्यावर घेतं. नवं कापड आधी धुवून मऊ करायचं, मग बेतायचं. एका झबल्यात माझ्या दोन संध्याकाळी सहज जातात.

आता यावर येणारे शेरे ऐका.

पहिला शेरा: "तुला काय, वेळ असतो ना!" तबला वाजवणाऱ्याला कुणी म्हणतं का, तुला वेळ आहे तर आमच्या बारशाला येऊन दोन तास वाजव? तिथे बिदागीचं पाकीट आधी तयार असतं. बाईच्या हातातली सुई मात्र कुणालाच काम वाटत नाही. एके काळी मुलगी बघायला आलेले "शिवणटिपण येतं का?" असं विचारत. तेव्हा ती पात्रता होती, आता रिकामपणाचा उद्योग झाला. फुकट मात्र ती तेव्हाही होती आणि आजही आहे.

दुसरा शेरा: "म्हापशाच्या बाजारात शंभरात दोन मिळतात." मिळतात की! पण ती इतक्या स्वस्तात कशी मिळतात, हा प्रश्न आपण विचारत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावार इथे राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. आत तयार कपड्यांचे कारखाने होते. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशीच दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवलं गेलं. अकराशेहून अधिक माणसं मेली. त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. प्रत्येक स्वस्त झबल्यामागे असंच काही असतं असं मी म्हणत नाही. पण कापड, दोरा, शिलाई, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा एवढं सगळं पन्नास रुपयांत बसत असेल, तर कुणाची तरी मजुरी कापली गेलेली असते. त्या भावाशी माझ्या दोन संध्याकाळींची तुलना करून मला गप्प करू नका.

तिसरा शेरा गोड असतो, म्हणून जास्त घातक: "अगं, एवढं छान शिवतेस, धंदा का नाही करत?" आणि मागोमाग, "माझ्यासाठी दोन ब्लाउज शिव, शंभर रुपये देते." इथे माझं डोकं फिरतं. आमच्याच वाड्यावर एक शिंपीणबाई आहे. तिचं घर पायमशीनवर चालतं. ती अस्तराच्या ब्लाउजचे पैसे पूर्ण घेते आणि ते तिने घ्यायलाच हवेत. भाडं, वीज, मुलांची फी त्यातूनच निघते. माझ्या घरी दुसरी मिळकत आहे, म्हणून मी शंभरात शिवू शकते. पण तसं केलं तर मी हौस भागवत नसते, मी तिच्या ताटातला घास काढत असते. उद्या तिच्या दारात उभं राहून कुणी म्हणणार, "ती तर शंभरात देते." हौशी माणसाने धंदेवाल्याचा भाव पाडणं हा गुन्हा आहे, आणि आमच्यातल्या पुष्कळ जणी तो "तेवढाच हातखर्च" म्हणून हसत हसत करतात. हे मी आमच्या जमातीलाही सुनावतेय.

म्हणून माझा नियम दोनच ओळींचा आहे. एक तर भेट, नाहीतर पूर्ण दाम. अधलंमधलं काही नाही. भेट असेल तर कुणाला, कधी आणि काय द्यायचं ते मी ठरवणार. भेट मागून घेता येत नाही. मागून घेतली की ती वेठबिगार होते. आणि ज्यांना अमुक तारखेला, अमुक मापाचं, अमुक रंगाचं हवंय, त्यांनी शिंपीणबाईकडे जावं आणि ती सांगेल तेवढे पैसे घासाघीस न करता द्यावेत.

यावर कुणी म्हणेल, बाई फारच हिशेबी झाली. झाले खरी! पण हा हिशेब न केल्यामुळे शिवणारा हात घरात फुकट ठरतो, शेजारी स्वस्त ठरतो आणि ढाक्यात तर जीवच स्वस्त होतो. तिन्ही ठिकाणी आपण एकच गोष्ट नाकारतोय: टाका घालायला माणूस लागतो आणि त्याचा वेळ जातो.

पुढच्या वेळी कुणी हाताने शिवलेलं झबलं तुमच्या नातवंडासाठी घेऊन आलं, तर ते उलटं करून आतली शिवण एकदा बघा. हौसेचं मोल तिथे दिसतं. आणि ते दिसल्यावर "अजून दोन शिवून दे ना" असं तोंडातून निघणार नाही.