खडूने आखलेले गॅरेज

आमच्या पुतण्याने आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा कोर्स पुरा केला, दोन वर्षे बारामतीत एका गॅरेजात हाताखाली काम केले आणि परवा जाहीर केले, "काका, आता घराशेजारीच स्वतःचे टाकतो." घर इंदापूर तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात. समोर रस्ता, कडेला बारा फूट रुंदीची मोकळी जागा. त्याच्या हातात यादी होती. कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल. जागेच्या मापाचा एकही आकडा त्या यादीत नव्हता.

आम्हाला धसका बसायला कारण आहे. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या भावाने अशीच यंत्रांपासून सुरुवात केली होती. कॉम्प्रेसर आला, तो दारातून आत जाईना, म्हणून चौकट फोडली. कामाचे टेबल अंधाऱ्या कोपऱ्यात बसले. दीड वर्षात सारे बंद पडले. त्यात आईच्या पाटल्या गेल्या. उधारीची वही अजून आमच्या कपाटात आहे, तिच्यातले निम्मे लोक आजही रस्त्यात भेटतात आणि चहा पाजतात!

म्हणून आम्ही पुतण्याला म्हणालो, यादी खिशात ठेव आणि खडू आण. रविवारी सकाळी घरातली सगळी माणसे अंगणात जमवली.

मोटारसायकल उभी करून तिच्याभोवती रेघ मारली. लांबी साडेसहा फूट, हँडलपाशी रुंदी अडीच फूट. पान्हा घेऊन बसायला दोन्ही अंगांनी अडीच-अडीच फूट सोडले, म्हणजे साडेसात झाले. भिंतीलगत दोन फुटांचे टेबल, साडेनऊ. उरले अडीच फूट, आणि मागच्या दाराला जायची वाट तेथूनच. पुतण्याला गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांचे वेल्डिंगही करायचे होते. पण ट्रॉली या जागेत मावत नाही. रस्त्यावर उभी करून काम करणे म्हणजे शेजाऱ्यांशी भांडण विकत घेणे. ट्रॉली तूर्त सोडायची असे ठरले. तो हिरमुसला, पण रेघ समोर दिसत होती.

मग वहिनी बोलल्या. "भाऊजी, सगळे आखले, पण माझी धुण्याची जागा कुठे आहे?" आम्ही खाली पाहिले. वेल्डिंगचा कोपरा बरोबर धुण्याच्या दगडावर आला होता आणि कपडे वाळवायची तार त्याच्या डोक्यावर. ओली जमीन, ओली तार आणि शेजारी वेल्डिंगची केबल! दुसरे म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी तेथेच उघडते. आत गॅसची टाकी, बाहेर ठिणग्या. आमच्या बीकॉमच्या डोक्यात हे आले नव्हते. वेल्डिंग दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला गेले. दगड जागेवरच राहिला, आणि दोहोंच्या मधे कमरेइतकी भिंत घालायचे ठरले.

पुतणीचे दहावीचे वर्ष आहे. तिने तास मागितले. सकाळी सहा ते नऊ ग्राइंडर नाही, रात्री आठनंतर ठोकाठोक नाही. पुतण्या म्हणाला, गिऱ्हाईक घाईत असते. वहिनी म्हणाल्या, गिऱ्हाईक नऊनंतर येईल, दहावी परत येणार नाही. तास वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

टेबलाची उंची पुस्तकात पाहून ठरवू नये. टेबलावर बसवलेल्या व्हाइसचा वरचा कडा उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला आला पाहिजे. त्याहून खाली असला तर वर्षभरात कंबर बोलू लागते. टेबल उत्तरेच्या उजेडाला घेतले. पश्चिमेला घेतले असते तर एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखाली कोणीच टिकले नसते. ग्राइंडरला चाकावरचे झाकण हवेच. कामाचा आधार आणि चाक यांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नये, कारण त्या फटीत काम अडकले की चाक फुटते. डोळ्यांना चष्मा हवा, आणि तो खिळ्याला नव्हे, तोंडावर असावा. सुटे भाग पेट्रोलने धुण्याची सवय पुतण्या गॅरेजातून घेऊन आला आहे, ती आम्ही त्याच दिवशी बंद करायला सांगितली. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबची ठिणगी गाठते. पेट्रोलची टाकी वेल्डिंगला आली तर गिऱ्हाईक कितीही ओळखीचे असो, परत पाठवायची.

विजेचे म्हणाल तर अर्थिंगचा खड्डा नवा घ्यायचा, कोळसा-मीठ घालून, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी सोडत जायचे. 30 मिलिअँपिअरला तुटणारा संरक्षक स्विच बसवायचा. घरच्या मीटरवर काय चालते आणि किती युनिटपर्यंत, ते महावितरणच्या कार्यालयात लेखी विचारून घ्यावे. वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापराला दुप्पट दराने आकारणी होते, आणि तेव्हा "आम्हाला माहीत नव्हते" हे ऐकून घेतले जात नाही.

दादांना मात्र हे सगळेच पटत नव्हते. एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागला असता तर पगार तरी ठरलेला असता, असे त्यांचे म्हणणे. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की, रेल्वेच्या वर्कशॉपात आपला माणूस मेकॅनिक म्हणून जवळजवळ नाहीच, तो हमाल आहे. आज याच तालुक्यात वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांचे भाग घडतात. पोराच्या हातात पान्हा आहे, तर तो त्याच्या स्वतःच्या टेबलावर का नसावा? दादा काही बोलले नाहीत. पण खडू त्यांनी हातात घेतला.

आता पैशाचे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम 2008 पासून आहे. ग्रामीण भागात अनुसूचित जातीच्या अर्जदाराला प्रकल्पाच्या 35 टक्के अनुदान आणि स्वतःचे 5 टक्के. दोन लाखांच्या प्रकल्पाला घरचे दहा हजार, अनुदान सत्तर हजार. मात्र हे सत्तर हजार हातात पडत नाहीत. ते तीन वर्षे बँकेत अडकून राहतात, आणि धंदा चालू आहे अशी तपासणी झाल्यावर कर्जात वळते होतात. अनुदानाच्या भरवशावर लग्नाची तारीख धरणारे आम्ही पाहिले आहेत. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिचे पैसे कोणालाही देऊ नयेत.

वह्या दोन. घराची वेगळी, गॅरेजची वेगळी. पुतण्याने स्वतःचा पगार गॅरेजच्या वहीतून महिन्याला एकदाच उचलायचा. बारा हजारांचे यंत्र पाच वर्षे चालेल असे धरले तर महिन्याला दोनशे रुपये घसारा म्हणून बाजूला पडले पाहिजेत, नाहीतर सहाव्या वर्षी पुन्हा पाटल्यांकडे नजर जाते. उधारीला हद्द पाचशे. उसाचे बिल आल्यावर देतो म्हणणाऱ्याचे नाव आणि त्याची सही त्याच क्षणी वहीत घ्यायची.

धाकटा भाऊ त्या दिवशी आला होता. तो काही बोलला नाही. निघताना मात्र त्याने पिशवीतून जुना व्हाइस काढून अंगणात ठेवला. पंधरा वर्षे तो तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. पत्रे दिवाळीनंतर चढतील. तोवर खडूच्या रेघा सड्याने पुसल्या की वहिनीच पुन्हा ओढतात.