रावेरचा समुद्र आणि रेती

आमच्या घरात समुद्र आहे, हे नवीन पाहुण्याला पटत नाही. रावेर म्हणजे केळीचं गाव, मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकणार, आणि दिवाणखान्यात तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी! काकू दर वेळी विचारतात, "अरे, मीठ विरघळवून कुठं समुद्र होतो का?" काकू, मीठ विरघळवून होतो, पण रेतीवर बिघडतो. त्याचीच ही गोष्ट.

टाकी मांडली तेव्हा शेजारच्या बांधकामावरून दोन घमेली तापीची रेती आणली. घरची नदी, फुकटची रेती, स्वच्छ धुतली, झालं! काचेवरचं शेवाळ काढायला चुंबकाचा घासणा असतो. तो तळाशी गेला की काळे कण त्याला चिकटायचे आणि काचेवर ओरखडे पडायचे. नंतर डोक्यात प्रकाश पडला. आपली रेती बरीचशी काळ्या बेसाल्ट दगडाची, त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं. कोणीही चुंबक फिरवून बघावं. शिवाय बागायतीतून वाहून आलेल्या खतांचा अंश तिच्यात असू शकतो, तो वेगळाच.

म्हणजे रेती बदलायचं कारण खरं होतं. चुकली ती पद्धत.

दिवाळीची साफसफाई चालू होती. त्याच झपाट्यात तीन वर्षांची सगळी रेती एका दुपारी उपसली, नवी पांढरीशुभ्र रेती घातली आणि टाकी अशी चमकली की फोटो काढले. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकू लागले. अमोनिया तपासला, तर नळीतलं पाणी हिरवंगार. रातोरात पाणी बदललं, पण क्लाउन फिशच्या जोडीतला एक गेला. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. तो एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्ही स्वच्छ केलं ना?" त्याला उत्तर देता आलं नाही.

उत्तर नंतर कळलं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडावर, गाळणीत आणि रेतीच्या प्रत्येक कणावर वस्ती करून असतात. मी कचरा म्हणून जी फेकली ती वस्तीच होती. ज्या गावात शेताचा वरचा थर कोणी खरवडू देत नाही, त्या गावच्या माणसाला हे कळू नये, याची लाज वाटते.

म्हणून माझं मत ठाम झालंय. रेती जुनी झाली म्हणून बदलू नये. वरवर मळली असेल तर पाणी बदलताना वरचा थर नळीने ओढून घ्यावा. ओरखडे, कुजका वास, चुकीची निवड असं खरं कारण असेल तरच बदलावी, आणि तीही चौथाई-चौथाई, मध्ये दोन आठवडे सोडून, दर वेळी अमोनिया तपासत. जुनी रेती नळीने पाण्याबरोबर ओढायची, नवी धुऊन पीव्हीसी पाइपातून अलगद तळाशी सोडायची. थर चार इंचांहून जाड असेल तर जास्तच सांभाळून. खाली प्राणवायू नसतो, ढवळलं की सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सुटू शकतो, आणि तो माशांना विष आहे.

आता निवड. मला अ‍ॅरागोनाइट पटते, म्हणजे चुनखडीच्या जातीची रेती. कण एक-दोन मिलिमीटरचे, थर इंचभर. ९० बाय ४० सेंटिमीटरच्या तळाला साधारण १४ किलो लागते. चिमूटभर रेतीवर व्हिनेगर टाका, फसफसली तर चुन्याची. तापीची बहुतेक गप्प बसते. मात्र पिशवीवर लिहिलेलं 'पीएच कायम राखते' हे फार मनावर घेऊ नका. टाकीच्या नेहमीच्या पीएचला ती फारशी विरघळतच नाही.

आणि 'कोरल सँड' म्हणून प्रवाळाचे तुकडे विकायला आले तर हात लावू नका. २००१ साली खडकबांधणी करणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. मेलेलं प्रवाळसुद्धा त्यात येतं. बहामाची ऊलाइट रेती प्रवाळाची नसते, उथळ पाण्यात कणांवर चुन्याची पुटं चढून ती बनते. घ्यायचीच तर तशी घ्यावी, पावती मागून. माझ्या टाकीत प्रवाळ नाही, सिरॅमिकचे दगड आहेत. 'मग रीफ कसली?' असं मित्र हसतात. हसू देत.

खऱ्या समुद्रात पोपटमासे प्रवाळाचा खडक कुरतडतात, चुना घशात दळतात आणि रेती म्हणून टाकतात. पांढऱ्या किनाऱ्यांचा मोठा हिस्सा असा बनलेला असतो. ज्या गोष्टीला इतका वेळ लागतो, ती मी एका दुपारी बदलायला निघालो होतो.

असो. उरलेला एक मासा अजून आहे. टाकीची काळजी आता मुलगाच घेतो, आणि दिवाळीत मला तिच्याजवळ फिरकू देत नाही. बरोबरच आहे त्याचं.