निष्फळ श्रम कोणते?

कलाकृतीपुढे उभे राहून ‘याचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्यांचा वर्ग सर्वकाळी असतो. असंख्य लोकांनी मिळून संगणकाच्या पडद्यावर घडवावयाच्या कलाकृती निघाल्यापासून तर या वर्गाला नवे बळ चढले आहे. अमेरिकन प्रोग्रामर नोलेन रॉयल्टी यांनी २६ जून २०२४ रोजी खुली केलेली ‘वन मिलियन चेकबॉक्सेस’ ही रचना म्हणजे अशा आक्षेपकांना आयतेच सापडलेले हत्यार. एकाच पानावर दहा लाख रिकामे चौकोन. कोणीही कोणत्याही चौकोनात खूण करावी, ती जगभर सर्वांच्या पडद्यांवर उमटावी आणि पुढच्याच क्षणी दुसऱ्या कोणी ती पुसून टाकावी! ना बक्षीस, ना विजेता. तरीही दोन आठवड्यांत ६५ कोटींहून अधिक खुणा झाल्या.

‘एवढ्या हातांनी एखादी विहीर तरी खणली असती’, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु या चौकोनांपायी कोणा विहीर खणणाऱ्याने कुदळ खाली ठेवल्याचे ऐकिवात नाही. शिवाय त्या पुसापुशीत जे घडले, ते आक्षेपक पाहतच नाहीत. खूण म्हणजे एक आणि रिकामा चौकोन म्हणजे शून्य, ही संगणकाचीच लिपी आहे, हे काही तरुणांनी ओळखले. त्या लिपीत त्यांनी चौकोनांमधून गुप्त निरोप लिहिला. इतरांनी तो पुसला, की त्यांच्या आज्ञावली तो पुन्हा लिहीत. तो वाचू शकणारे एकमेकांना सापडले आणि पुढे त्यांनी मिळून चौकोनांची चित्रे रेखाटली. यास व्यर्थ म्हणावयाचे, तर मैत्री आणि शिक्षण यांनाही तेच विशेषण लावावे लागेल.

अशा श्रमांची कला संगणकापूर्वीचीच आहे. ११ एप्रिल २००२ रोजी पेरू देशात लिमा शहराजवळ फ्रान्सिस आलीस या बेल्जियन कलावंताच्या हाकेला ओ देऊन सुमारे ५०० स्वयंसेवकांनी फावड्यांनी वाळूची एक टेकडी सरकवली. सरकली ती केवळ सुमारे दहा सेंटीमीटर! या कृतीला त्याने नाव दिले होते ‘श्रद्धा डोंगर हलवते तेव्हा’. मत्तयचे शुभवर्तमान वाचणाऱ्यास त्या नावाचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही. हलावयाचे होते ते वाळूपेक्षा वेगळेच काही होते.

निष्फळ श्रम पाहावयाचेच असतील, तर ते फळाचे आमिष दाखवले जाते तेथे पाहावेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये इंग्लंडमधील ‘२२कॅन्स’ या कंपनीने ‘क्युरिऑसिटी’ नावाचा प्रयोग मांडला. अब्जावधी लहान ठोकळ्यांचा एक महाकाय घन सर्वांनी बोटांनी टिचक्या मारून फोडावयाचा; शेवटचा ठोकळा फोडणाऱ्यास आतील रहस्य मिळणार! २६ मे २०१३ रोजी ते एडिनबरोच्या एका तरुणाला मिळाले. कंपनीच्या नव्या खेळाच्या उत्पन्नात त्याला वाटा मिळेल, असे आश्वासन त्यात होते. २०१५ साली पत्रकारांच्या चौकशीत उघड झाले, की त्याच्या हाती एक पैसाही पडलेला नव्हता. बाकी लाखो लोक तर केवळ बोटे म्हणूनच मोजले गेले होते.

श्रमाचे मोल विचारूच नये, असे माझे म्हणणे नाही. अवश्य विचारावे, पण ‘शेवटी काय उरले?’ एवढ्यावर थांबू नये. श्रमणारी माणसे त्या कामातून एकमेकांना भेटली, की कोणाच्या तरी मोजणीतील आकडे झाली, हे आधी विचारावे. पुसली गेलेली खूण क्षम्य आहे. पुसला गेलेला माणूस नव्हे.